अंगणातलं कुत्र्याचं घर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरात अंगण अजून शिल्लक आहे. सिडको-हडकोतली जुनी रो-हाउस, गारखेडा आणि सातारा परिसरातली बैठी घरं. दारात शहाबादी फरशी, कोपऱ्यात कडुनिंब, भिंतीला लागून पाण्याचे निळे ड्रम आणि गेटपाशी पसरलेलं कुत्रं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आजोबा आणि नातवंडं मिळून त्याच्यासाठी काहीतरी करायला घेतात. घर, अंथरूण, नाहीतर खेळणं. मुलांच्या हातात करवत-हातोडी येते, घरातलं टाकाऊ सामान कामी लागतं आणि कुत्रं आपलंच आहे ही जाणीव मुलांच्या मनात पक्की होते. हा उद्योग प्रत्येक घरात व्हावा असं मला वाटतं. फक्त त्यामागे चालत आलेले काही समज मराठवाड्याच्या उन्हात जिवावर बेततात, म्हणून ते एकदा तपासून घेतलेले बरे.

“वर पत्रा टाकला की सावली झाली.”

सावली होते, गारवा होत नाही. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजाच्या तळव्यांत तेवढ्या कामाच्या, आणि त्यांनी अंग थंड होत नाही. त्याची खरी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. आता आपल्याकडच्या एप्रिल-मेची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा चाळिशीपार. उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती धग खाली आत फेकत राहतो. आतली हवा कोंडलेली असेल तर धापांचाही उपयोग होत नाही. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की उष्माघात. कुत्रं लाळ गाळतं, लडखडतं, कोसळतं. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही, त्यांना दुपारी घरातच घ्यावं.

पत्राच वापरायचा असेल तर दुहेरी छत करा. खाली फळी, वर पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर मोकळी जागा, म्हणजे तिथून वारा खेळेल. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. घर झाडाखाली ठेवा, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करा, समोरासमोरच्या भिंतींना वरच्या बाजूला झरोके ठेवा. कुत्र्याला आत मान ताठ ठेवून उभं राहता यावं, वळता यावं, पाय लांब करून झोपता यावं, एवढं माप पुरे. तळ चार विटांवर उचलला की पावसाळ्यात पाणी शिरत नाही.

ओल्या पोत्याचा पडदा आपल्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो, कुलरच्या ताट्यांचं तत्त्वही तेच आहे. पण पोतं एकाच बाजूला लावावं आणि समोरची बाजू उघडी राहावी. चारही बाजूंनी ओली पोती लटकवली तर आत दमट कोंदटपणा भरतो, आणि दमट हवेत धापेने अंग थंड होत नाही. फरशीचंही तसंच. सावलीतली शहाबादी कुत्र्याला सुखाची, उन्हातली पंजे पोळणारी. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. उष्माघात झालाच तर सावलीत आणून अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता अडवून धरतो.

“ड्रम आणि पॅलेट फुकटात मिळतात, त्यात काय वाईट?”

जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून या शहरात दारोदारी ड्रम. एखादा जुना झाला की आडवा पाडून, तोंड कापून कुत्र्याला देण्याची कल्पना सुचणं साहजिक आहे. घरात पाणी साठवलेला ड्रम चालेल, कापलेली कड घासून गुळगुळीत करा आणि मागच्या बाजूला भोकं पाडा. भंगारातून आणलेल्या ड्रमची गोष्ट वेगळी. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांचा परिसर असल्यामुळे असे ड्रम सहज मिळतात, पण आत पूर्वी काय होतं ते लेबलशिवाय कळत नाही. धुतल्यावर वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही. कुत्रं जिथे झोपतं ती जागा चाटतं, कुरतडतं. लेबल नसेल तर ड्रम घेऊ नका.

लाकडी पॅलेटचं लाकूड मात्र चांगलं कामाला येतं, फक्त त्यावरचा शिक्का वाचा. परदेशी व्यापारातल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा संकेत आणि शेवटी दोन अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकडाला उष्णता देऊन कीड मारली आहे, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे, ते सोडा. शिक्का नसलेल्या, तेलकट डाग पडलेल्या पॅलेटलाही हात लावू नका. रंगाचा जुना डबा माळ्यावर पडला असेल तर तोही नको. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही.

“देशी कुत्र्याला अंथरूण कशाला?”

लातूर-सोलापूरकडचा कारवान जातीचा कुत्रा पाहिला असेल तर उत्तर दिसतं. उंच, सडपातळ, अंगावर चरबी नाही, केस आखूड. असं कुत्रं कडक फरशीवर रोज झोपलं की कोपरावरची कातडी जाड होते, कधी तिथे पाण्याची गाठ येते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे तर आणखी दुखतात. जुन्या सुती लुगड्यांची वाकळ याला सर्वांत चांगली. बटणं, हुक, टिकल्या काढून टाका, टाके जवळजवळ घाला आणि खोळ निघेल अशी शिवा.

खोळ निघायला हवी ती गोचिडांसाठी. पोट भरलेली मादी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फळ्यांच्या फटीत, गोणपाटाच्या विणीत हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याला कितीही औषध लावलं तरी घराच्या फटीतून नवी फौज येत राहते. एर्लिचिया, बॅबेसिया या जंतूंचे रक्ताचे आजार तिच्यामुळेच होतात. ताप येतो, कुत्रं खाणं सोडतं, कधी नाकातून रक्त येतं. म्हणून घर बांधताना फटी लांबीने भरा, खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका.

“गोचीड-खरजेवर काळं ऑइल रामबाण.”

अजिबात नाही. गाडीतलं जळकं ऑइल आणि रॉकेल कातडी भाजतं, आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. फिनेल, डांबरगोळ्याही त्याच्या घरात नकोत.

“कुत्र्याला सगळं काळंपांढरं दिसतं.”

त्याला निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे हिरवळीवर लाल चेंडू टाकला की तो नजरेऐवजी नाकाने शोधत बसतो. खेळणं करायचं तर जुन्या सुती टी-शर्टच्या पट्ट्यांची जाड वेणी घाला, पिवळा-निळा कपडा मिळाला तर उत्तम. नायलॉनची सुतळी मात्र वापरू नका. गिळलेला दोरा आतड्यात अडकला की पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागते. फाटलेली चप्पलही देऊ नका. नवी कोणती आणि जुनी कोणती हे त्याला कसं कळणार?

“बागेतलं खत नैसर्गिक आहे, त्याने काय होतं?”

या समजाची मला सर्वांत जास्त भीती वाटते. एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचं जहाल विष असू शकतं, आणि तिचा वास कुत्र्यांना आवडतो. ती कुंडीत मिसळलेली असली तरी कुत्री उकरून खातात. उलट्या, रक्ती जुलाब, आणि उतारा उपलब्ध नाही. ज्या अंगणात कुत्रं आहे तिथे एरंडीची पेंड येऊच देऊ नका, शेणखत किंवा गांडूळखत वापरा. कुंपणाला लावलेली कण्हेरही विषारी आहे, तिच्या फांदीची काठी कुत्र्याशी खेळायला घेऊ नका.

“बांधलेलं कुत्रं राखण चांगली करतं.”

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या कुत्राचाव्यांचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. चावलेल्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीने बांधलेल्यांचं प्रमाण न चावणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं. कुत्रं कळपात राहणारा प्राणी आहे. माणसांपासून तोडून कोपऱ्यात बांधलं की ते घाबरट आणि चिडकं होतं, आणि चावा बसतो तो बहुधा जवळ गेलेल्या मुलाला. आपला कायदाही स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं कलम ११ आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, अन्न-पाणी-निवारा न देणं हे सगळं गुन्हा मानतं. साताऱ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीची जत्रा भरवणाऱ्या शहराला, खंडोबासोबत कायम असणाऱ्या या प्राण्याचा मान वेगळा सांगायला नको. साखळीला लागणाऱ्या पैशांत गेटच्या खालच्या फटीला जाळी बसते, ती बसवा आणि कुत्रं मोकळं सोडा.

अंगणातल्या पाण्याच्या भांड्याबद्दल एक सूचना. माठाचं खापर सर्वांत चांगलं, पाणी गार राहतं. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

घर बांधून झालं की मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता आत एक तापमापक ठेवा आणि दुसरा झाडाच्या सावलीत. आतला आकडा जास्त निघाला तर घर पुन्हा उघडा, झरोके वाढवा, छत बदला, आणि तोवर कुत्र्याला बैठकीत पंख्याखाली झोपू द्या.