आवाजाचे चक्रवाढ व्याज

शाळेचे स्नेहसंमेलन भरले आहे. अध्यक्ष बोलावयास उभे राहतात, मायक्रोफोन जवळ ओढतात आणि पहिला शब्द उच्चारतात न उच्चारतात तोच कर्ण्यातून अशी कर्कश किंकाळी उठते की, पुढच्या रांगेतील मुले कानांवर हात ठेवतात. हा प्रसंग तुमच्यापैकी बहुतेकांनी अनुभवला असेल. हीच किंकाळी घरी संगणकावर ध्वनिमुद्रण करतानाही ऐकू येते. ती कोठून येते आणि ती कशी थांबवावी, हे आपण पाहू.

एका विद्यार्थ्याचा अनुभव ऐका. त्याच्या वर्गातील एका मित्राला दृष्टी नव्हती. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि इतिहासाचे चार धडे ब्रेल लिपीत मिळाले नव्हते. तेव्हा ते आपण वाचून संगणकावर मुद्रित करून द्यावेत, असे या विद्यार्थ्याने ठरविले. दोन संध्याकाळी बसून त्याने ते काम पुरे केले. परंतु मुद्रण लावून पाहतो तो काय! प्रत्येक परिच्छेदानंतर एक तीक्ष्ण शीळ उठत होती आणि पुढील वाक्याचे पहिले शब्द तिच्यात बुडून जात होते. संगणक बिघडला, असे समजून तो निराश झाला. मित्राने मात्र ते मुद्रण पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक ऐकले आणि तो म्हणाला, “तू वाचत असतोस तेव्हा शीळ नसते. तू थांबलास की ती वाढू लागते. वाचताना तुझ्याजवळ स्पीकर चालू होता का?”

हा प्रश्न अचूक होता. स्पीकर खरोखरच चालू होता.

आता या शिळेचे कारण पाहू. आपण बोलतो तेव्हा हवेत कंपने निर्माण होतात. मायक्रोफोन त्या कंपनांचे विद्युत्-संदेशात रूपांतर करतो. संगणक तो संदेश मोठा करतो व त्याची नोंद ठेवतो. परंतु बोलणाऱ्यास आपला आवाज त्याच वेळी ऐकता यावा म्हणून पुष्कळ मुद्रण-प्रणालींत तो संदेश स्पीकरकडेही पाठविण्याची सोय असते. ही सोय चालू असली म्हणजे स्पीकरमधून निघालेला आवाज हवेतून पुन्हा मायक्रोफोनकडे येतो, पुन्हा मोठा होतो आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो. रहाटाच्या माळेप्रमाणे हे चक्र चालू राहते. बाहेर पडलेल्याचा काही भाग असा परत आत येणे, यास पुनःप्रदाय किंवा फीडबॅक असे म्हणतात. डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सन (१८७१–१९५७) यांनी ध्वनीच्या या चक्राचा अभ्यास केला. म्हणून त्यास ‘लार्सन परिणाम’ असेही नाव आहे.

चक्र असले म्हणजे किंकाळी उठतेच, असे मात्र नाही. गणितात तुम्ही चक्रवाढ व्याज शिकला आहात. येथेही तोच हिशेब आहे. समजा, प्रत्येक फेरीत आवाज एकदशांशाने वाढतो. मग दहा फेऱ्यांनंतर तो मुळाच्या सुमारे २.६ पट आणि वीस फेऱ्यांनंतर सुमारे ६.७ पट होईल. उलट प्रत्येक फेरीत तो एकदशांशाने घटत असेल, तर वीस फेऱ्यांनंतर त्याचा जेमतेम आठवा भाग उरेल. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून एक मीटरवरच्या स्पीकरपासून मायक्रोफोनपर्यंत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे तीनशे चाळिसावा भाग पुरतो. संगणकाच्या कामास लागणारा अल्प वेळ त्यात मिळविला, तरी एका सेकंदात अशा अनेक फेऱ्या होतात. वाढीची बाजू घटीपेक्षा किंचितही जड झाली की क्षणार्धात किंकाळी उठते. यंत्राची शक्ती संपते तेथेच ही वाढ थांबते.

मग सर्व स्वरांचा गोंगाट न होता एकच शीळ का ऐकू येते? झोका देताना तो मागे येऊन पुढे निघण्याच्या क्षणी धक्का दिला, तरच तो उंच जातो. तद्वत ज्या स्वराची परत आलेली कंपने मूळ कंपनांशी नेमकी जुळतात आणि ज्याची वाढ सर्वांत अधिक होते, तोच स्वर बळावतो.

आता राहिला मित्राने हेरलेला चमत्कार. वाचन थांबल्यावरच शीळ का वाढावी? अनेक संगणकांत आवाज लहानमोठा झाल्यास तो आपोआप सारखा करण्याची योजना असते. वाचक थांबला की संगणकास आवाज फार लहान झाला असे वाटते आणि तो वर्धन वाढवितो. त्याबरोबर चक्राचे पारडे वाढीकडे झुकते व शीळ उठते. वाचन पुन्हा सुरू झाले की वर्धन कमी होते आणि शीळ विरते. म्हणजे संगणक बिघडला नव्हता. तो नेमून दिलेले काम करीत होता.

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला, ते कळत नाही. प्रथम स्पीकरचा आवाज पूर्ण बंद करावा. शीळ थांबली, तर चक्र हवेतून चालले होते, हे सिद्ध झाले. अशा वेळी स्पीकरऐवजी हेडफोन वापरावा. तो कानांवर चढविण्यापूर्वी आवाज अगदी कमी करण्यास विसरू नये. कारण अकस्मात उठलेली मोठी शीळ कानांना इजा करू शकते. हेडफोन लावूनही शीळ राहिली, तर चक्र बहुधा संगणकाच्या आतच आहे. आपला आवाज त्याच वेळी ऐकविण्याची सोय तेव्हा बंद करावी. तसेच संगणक स्वतः वाजवीत असलेला आवाजच पुन्हा मुद्रित करीत नाही ना, हे तपासावे. मुद्रणासाठी केवळ मायक्रोफोनच निवडावा. एवढे करूनही एकसारखी मंद घरघर राहिली, तर ती पुनःप्रदायाची नसून विजेच्या तारांमुळे येत असण्याचा संभव असतो.

स्पीकर चालू ठेवणे भागच असेल, तर मायक्रोफोन तोंडाजवळ घ्यावा व वर्धन कमी करावे. स्पीकरचे तोंड मायक्रोफोनकडे नसावे. उघड्या भिंती आवाज परत फेकतात. पडदे, गाद्या, गोधड्या तो शोषून घेतात. मायक्रोफोनची जाळी हाताने झाकल्यास शीळ थांबेल असे वाटते. पण बहुधा ती वाढतेच.

पुनःप्रदाय सर्वस्वी वाईट असतो, असे मात्र समजू नका. २ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकन अभियंता हॅरोल्ड ब्लॅक हडसन नदीतून बोटीने कामावर जात होता. त्या वेळी त्याला एक युक्ती सुचली आणि हातातील वर्तमानपत्राच्या पानावर त्याने ती लिहून काढली. विवर्धकातून बाहेर पडलेल्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून आत आणला, तर वर्धन घटते, पण आवाजातील विकृतीही घटते. दूरध्वनीचे बोलणे दूरवर स्पष्ट पोहोचविण्यास ही युक्ती फार उपयोगी पडली.

आपल्या विद्यार्थ्यास पहिले मुद्रण दुरुस्त करता आले नाही. शीळ शब्दांत अशी मिसळली होती की, ती काढू जाता शब्दही जात. त्याने स्पीकर बंद केला, आपोआप वर्धनाची योजना काढून टाकली आणि चारही धडे पुन्हा वाचले. या वेळी दोघे शेजारी बसले होते. एकाचे डोळे पुस्तकावर होते, तर दुसऱ्याचे कान प्रत्येक विरामावर.