नमुना आणि निदान : गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

पशुरोगांच्या निदानाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे प्रयोगशाळेतील परीक्षेकडे जाते. परीक्षेसाठी जो पदार्थ पुढे येतो तो कोणी, केव्हा व कशा रीतीने घेतला, याकडे तितकेसे जात नाही. वस्तुतः प्रयोगशाळा जनावराची परीक्षा करीत नसते. ती करते नमुन्याची. नमुन्यात रोगजंतू आलेच नसतील, किंवा वाटेत नष्ट झाले असतील, तर अत्यंत सूक्ष्म परीक्षाही ‘आढळले नाहीत’ एवढेच सांगेल. आणि त्या उत्तरावर विसंबलेल्या पशुपालकाच्या गोठ्यात दुसरे जनावर आडवे होईल. प्रस्तुत लेखात हा मुद्दा ठाणे जिल्ह्यातील वांगणीच्या परिसराचे उदाहरण घेऊन विशद करावयाचा आहे.

वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील, बदलापूरच्या पुढचे स्थानक. उल्हास नदीचे खोरे, भातखाचरे आणि पावसाळाभर ओल धरून राहणारी जमीन, असा हा मुलूख. अशा प्रदेशात पावसाळ्याच्या दिवसांत म्हशींना घटसर्पाचे भय विशेष. समजा, आदल्या सायंकाळी गळ्याला सूज व ताप असलेली म्हैस पहाटे मेलेली आढळली. पशुवैद्यकाने प्रथम काय करावे? घटसर्पाचा संशय कितीही बळकट असला तरी चिरफाड करावयाची नाही. आकस्मिक मृत्यू काळपुळीनेही येतो, आणि काळपुळीचे शव उघडले की त्यातील जंतूंना हवा मिळून त्यांचे बीजाणू बनतात. ते त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय हा रोग माणसांनाही होतो, हे शव सोलणाऱ्याने विसरून चालत नाही. म्हणून कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर पातळ लेप करावा, आणि पॉलिक्रोम मेथिलीन ब्ल्यूने रंगवून तो पाहिल्यानंतरच पुढचा निर्णय घ्यावा. काळपुळी आढळली तर शव न उघडता खोल पुरावे किंवा जाळावे.

काळपुळी नाही असे ठरल्यावर घटसर्पाकडे वळता येते. येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या रोगात पाश्चुरेला जंतू रक्तात मोठ्या संख्येने उतरतात ते अखेरच्या अवस्थेत. त्यामुळे जनावर जिवंत असताना घेतलेल्या रक्तात ते न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे. मृत्यूनंतर थोड्याच वेळात हृदयातील रक्त मिळाले तर उत्तम. पण शव कुजू लागले असेल, तर पायाचे एक लांब हाड मांस काढून, नीट गुंडाळून पाठवावे. हाडाच्या भक्कम भिंतीआड मज्जेत हे जंतू इतर ऊतकांपेक्षा अधिक काळ सुरक्षित राहतात. निसर्गाने दिलेल्या या कुपीला प्रयोगशाळेतील काचेची कुपी पर्याय ठरत नाही, असे मला वाटते.

वांगणीहून असा नमुना पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागात न्यावयाचा, तर कर्जतवरून बोरघाट चढून जावे लागते. हा प्रवास एरवी अवघड नाही. परंतु ज्या ऋतूत घटसर्प येतो, त्याच ऋतूत हा मार्ग बंद पडतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. बर्फाच्या पेटीत ठेवलेले रक्त अशा वेळी किती टिकेल, याचा हिशेब नमुना घेण्यापूर्वीच करावयास हवा. पाण्याने रस्ता तुटण्याचा संभव असेल, तर वाळवलेले रक्तलेप व हाड यांवर भर देणे शहाणपणाचे.

परिरक्षक द्रव्यांविषयीचा गोंधळ तर नित्याचाच. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतकाची रचना पाहावयाची असेल तर एक सेंटिमीटरहून जाड नसलेला तुकडा दहापट आकारमानाच्या दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. परंतु फॉर्मॅलिन जंतूंना मारते. संवर्धनासाठी तोच तुकडा निरुपयोगी होतो. इतकेच नव्हे, तर फॉर्मॅलिनची बाटली रक्तलेपांशेजारी एकाच खोक्यात ठेवली तर तिच्या वाफांनी लेप नीट रंगत नाहीत. रक्तरस हवा असेल तेव्हा अखंड रक्त गोठवू नये. पेशी फुटून रस लाल होतो व परीक्षा बिघडते. पीसीआर परीक्षेसाठी ईडीटीए घातलेले रक्त चालते, हेपॅरिन मात्र त्या प्रक्रियेत अडथळा आणते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे एका कुक्कुटशाळेत सुमारे शंभर पक्षी मेले. नमुने पुण्यास गेले, एच५एन१ विषाणूचे निदान झाले, आणि परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. एवढा मोठा निर्णय श्वासनलिकेतील व अवस्करातील कापसाच्या बोळ्यांवर आणि काही मृत पक्ष्यांवर अवलंबून असतो! या बोळ्यांना विषाणू-वाहक द्रव, बर्फ आणि तिहेरी वेष्टन लागते: आतली गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती शोषक पदार्थासह दुसरे पात्र व बाहेर टणक खोके.

नमुन्याइतकेच महत्त्व सोबतच्या पत्राला आहे. दुर्दैवाने सर्वांत कमी काळजी त्याचीच घेतली जाते. ‘म्हैस आजारी, तपासणी व्हावी’ अशा मजकुरावरून परीक्षकाने काय शोधावे? कळपातील एकूण जनावरे, आजारी व मृत किती, लक्षणे, लसीकरणाची तारीख, नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले होते काय, आणि पाठविणाऱ्याचा संशय कशाचा, हे सारे त्यात हवे. प्रतिजैविकाचा उल्लेख राहिला, तर संवर्धनात जंतू न वाढण्याचा अर्थच लागत नाही.

जेथे रक्तरसातील प्रतिपिंडांवरून निदान करावयाचे, तेथे एकच नमुना बहुधा अपुरा पडतो. आढळलेली प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची की लसीची, हे त्यावरून कळत नाही. आजाराच्या आरंभी एक व दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा असे दोन नमुने घ्यावेत. पहिला रक्तरस वेगळा काढून तोवर गोठवून ठेवावा, आणि दोन्हींची परीक्षा एकाच वेळी करावी. दुसऱ्यात प्रमाण चौपट किंवा त्याहून अधिक वाढलेले आढळले, तर संसर्ग ताजा समजावा.