मॉकड्रिलमधली बंदूक आणि कमरेचा कोयता

ऑगस्ट 2023 मध्ये धुळ्यात देवपूरच्या स्वामिनारायण मंदिरात बंदूकधारी ‘अतिरेकी’ शिरले आणि भाविकांना ओलीस धरून बसले. होते सगळे पोलीसच, पण लहान पोरांना ते कसं कळणार? मुलांनी भोकाड पसरलं, तेव्हा एका संतापलेल्या बापाने पुढे होऊन त्या अतिरेक्याच्या मुस्काटात लगावली. चित्रफीत राज्यभर फिरली आणि लोक पोट धरून हसले. मला मात्र तो बापच त्या दिवशीचा सर्वांत शहाणा माणूस वाटतो. सराव हुबेहूब हवा हे खरं, पण तो नेमका कुणाला काय शिकवण्यासाठी, हे त्याने एका थपडेत विचारलं.

डहाणू-बोर्डी रस्त्यावरच्या आगर, नरपड, चिखले, घोलवड या गावांना हा प्रश्न परका नाही. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून मुंबईपर्यंत आले. त्या दिवसापासून या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीकडे बघण्याची नजर बदलली. आता साधारण वर्षातून दोनदा ‘सागर कवच’ सराव होतो. एक गट शत्रू बनून समुद्रातून किनाऱ्यावर उतरू पाहतो आणि नौदल, तटरक्षक दल, पोलीस, सीमाशुल्क विभाग त्याला अडवतात. इथे जपायला बरंच आहे. डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र, खाली तारापूरचं अणुवीजकेंद्र, वर झाईपाशी गुजरातची हद्द. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यातही राज्यातल्या अतिसंवेदनशील ठिकाणांत मुंबई आणि उरणच्या जोडीला तारापूरचं नाव होतं.

सागर कवचमध्ये एक गोष्ट चांगली आहे. मच्छीमार तिथे नुसता बघ्या नसतो. अनोळखी बोट दिसली की कळवणं हे त्याचं काम, आणि गावोगावची सागर रक्षक दलं त्यासाठीच उभी केलेली. देवळातल्या किंवा बसस्थानकावरच्या सरावात मात्र लोकांच्या वाट्याला फक्त भीती येते. कधी त्याहून वाईटही. 2023 च्या सुरुवातीला काही जिल्ह्यांतल्या सरावांत अतिरेकी झालेल्या पोलिसांच्या तोंडी एकाच धर्माच्या घोषणा दिल्या गेल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं आणि त्या फेब्रुवारीत न्यायालयाने असं चित्रण थांबवायला सांगितलं.

या सगळ्यात बंदूक दिसते. ती चालवायची की नाही हे ठरवणारा क्षण मात्र दिसत नाही. चांदमारीच्या मैदानावरही तो दिसत नाही, कारण पुठ्ठ्याचं लक्ष्य हलत नाही, रडत नाही, खिशात हात घालत नाही. म्हणून प्रशिक्षणात आता पडद्यावरचे प्रसंग आले. समोरचा माणूस खिशातून मोबाइल काढतोय की पिस्तूल, हे क्षणार्धात ओळखायचं. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडलेला हिशोब जगभर वापरला जातो. चाकू घेतलेला धडधाकट माणूस 21 फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

2015 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स भागात पोलिसांविरुद्ध निदर्शनं करणारे कार्यकर्ते जॅरेट मॉपिन यांना असा सराव करायला दिला गेला. पहिल्या प्रसंगात ते स्वतःच ‘मारले’ गेले, पुढच्या एका प्रसंगात त्यांनी निःशस्त्र माणसावर गोळी झाडली. पोलिसांचं ऐकणं किती गरजेचं आहे ते कळलं, असं ते नंतर म्हणाले, आणि पोलिसांच्या बाजूच्यांनी ते उचलून धरलं. पण त्याच सरावाचा दुसरा अर्थ कुणी फारसा काढला नाही. घाबरलेल्या माणसाच्या हाती बंदूक असली की निःशस्त्र माणूस किती सहज मरतो, हेही तिथे दिसलंच होतं.

ट्युलरचा हिशोब तसाच उचलून डहाणू-तलासरीत आणला, तर पंचाईत होईल. इथे कमरेला कोयता अडकवलेला माणूस म्हणजे ताडी उतरवायला, गवत कापायला किंवा लाकूडफाट्याला निघालेला माणूस. बाहेरून बदली होऊन आलेल्या शिपायाला हे माहीत नसेल, तर त्याला रस्त्यावरचा निम्मा गाव सशस्त्र दिसायचा. सरावाचे प्रसंग इथल्या माणसांना विचारून रचले पाहिजेत, ते एवढ्यासाठी.

आणि बंदुकीच्या नळीसमोर उभं राहणं म्हणजे काय, हे या भागाला मॉकड्रिलने शिकवायची गरज नाही. ऑक्टोबर 1945 मध्ये गवतकापणीच्या मजुरीसाठी वारली आदिवासींचा लढा चालू असताना लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी वार्ता पसरवली गेली आणि तलवाड्याला हजारो माणसं जमली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तलासरीत दर 10 ऑक्टोबरला त्यांचं स्मरण होतं.

आजचा कायदा काय म्हणतो, हे निदान त्या तलासरीत तरी सगळ्यांना ठाऊक असावं. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, बळाचा वापर त्यानंतर. अटक करताना, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 पोलिसांना देत नाही. 1995 ते 1997 या काळात मुंबईत 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मारली गेली. त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये 16 निर्देश दिले. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, आणि पोलिसांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची.

2 जानेवारी 1961 ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून दर जानेवारीत पोलीस रेझिंग डेचा सप्ताह असतो. शाळेची पोरं ठाण्यात येतात. टेबलावर एसएलआर, इन्सास, कार्बाइन मांडलेल्या असतात. वजन किती, गोळी किती लांब जाते, हे हवालदार कौतुकाने सांगतात आणि पोरं फोटो काढतात. चांदमारी संपली की झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी वेचून, मोजून जमा करावी लागते, एखादी कमी भरली तर जाब द्यावा लागतो. त्या टेबलावर पुंगळ्यांच्या हिशोबाची वही आणि 2014 च्या निर्देशांची मराठी प्रत ठेवायला काहीच खर्च नाही. पोरांना हवालदारसाहेबांना विचारायला मग दुसरे प्रश्न सुचतील.