चंपुआच्या खडकातले जुने कण

ओडिशाच्या क्योंझर जिल्ह्यात, चंपुआच्या परिसरात, वैतरणीच्या खोऱ्यात एक करडा खडक उघडा पडलेला दिसतो. फिकट आणि गडद पट्टे त्यातून वाकत-वळत जातात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या डोळ्यांना तो पहिल्यांदा साधाच वाटतो. पण आपल्याकडचा दख्खनचा लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आणि हा पट्टिताश्म आहे सुमारे ३४० ते ३५० कोटी वर्षांचा. शिवाय याच खडकात झिर्कॉन या खनिजाचे, त्याच्याहूनही कितीतरी जुने कण सापडले आहेत. त्रिस्रोता चौधुरी, रजत मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांची वये सुमारे ४२४ आणि ४०३ कोटी वर्षे निघाली. पृथ्वीचे स्वतःचे वय सुमारे ४५४ कोटी.

पृथ्वीचे पहिले कवच आज अखंड खडकाच्या रूपात हाती लागत नाही. ते पुन्हा वितळले, खाली गेले, उल्कांच्या माऱ्यात फुटले. कॅनडातला अकास्टा पट्टिताश्म सुमारे ४०० कोटी वर्षांचा. त्यापलीकडच्या काळाची साक्ष प्रामुख्याने झिर्कॉनचे सुटे कण देतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा सर्वांत जुना कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. ज्या खडकात तो जन्मला, तो खडक आता नाही. असे कण शोधायचे, तर हाती असलेला खडक आधी फोडावा लागतो. हे काम जवळून पाहिल्यावर त्यातला संयम लक्षात येतो.

सुरुवात हातोड्याने होते. हवा-पाण्याने कुजलेली वरची साल काढून आतला ताजा खडक मिळेपर्यंत घाव घालतात. खडकात नंतर शिरलेल्या पांढऱ्या शिरा टाळतात. प्रत्येक पिशवीवर नमुना क्रमांक, वहीत अक्षांश-रेखांश आणि पट्ट्यांची दिशा. मग प्रयोगशाळेत हे तुकडे जबड्यासारख्या यंत्रात चिरडून, दळून, चाळणीतून काढतात. त्याआधी यंत्राची सफाई होते. ब्रश, दाबाची हवा, अॅसिटोन, पुन्हा ब्रश. आधीच्या नमुन्यातला एक कण फटीत राहिला, तर दुसऱ्याच डोंगराचे वय या खडकाच्या नावावर लागेल. दळण्यापेक्षा सफाईला जास्त वेळ जाताना पाहिला, तेव्हा या शास्त्राचा पाया इथे आहे हे पटले.

यापुढचे काम झारेकऱ्याचे. सराफाच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचा कण काढावा, तसे इथे पाण्याच्या धारेत हलके कण वाहू देतात आणि जड मागे ठेवतात. चुंबकाने लोहयुक्त खनिजे बाजूला होतात. उरलेला चुरा मिथिलिन आयोडाइड या जड, विषारी द्रवात सोडतात. त्याची घनता सुमारे ३.३. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, सुमारे ४.६ घनतेचा झिर्कॉन तळाशी बसतो. किलोंनी आणलेल्या खडकातून शेवटी चिमूटभर पूड उरते.

ही चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली पसरून बारीक सुईने एकेक कण वेचतात. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे, टोकदार, काचेसारखे. काही स्वच्छ, काही तपकिरी आणि भेगाळलेले. आतल्या युरेनियमच्या किरणोत्साराने स्वतःचीच जाळी मोडलेले कण धुरकट होतात. त्यांतून वय मोजायला लागणारे शिसे निसटलेले असू शकते, म्हणून त्यांच्या वयावर भरवसा ठेवता येत नाही. निवडलेले कण राळेत बसवून अर्धे घासले जातात, म्हणजे प्रत्येकाचा गाभा उघडा पडतो. इलेक्ट्रॉनच्या झोताखाली तो उजळला की आत एकाआड एक फिकट-गडद पट्टे दिसतात. कधी मधे जुना गाभा आणि भोवती कोट्यवधी वर्षांनंतर चढलेली कड असते. मोजमापाचा ठिपका या दोन्हींवर पडला, तर येणारे वय कोणत्याच घटनेचे नसते. त्यामुळे ठिपका कुठे ठेवायचा यावर बराच वेळ चर्चा चालते.

झिर्कॉन तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज आत सापडणारे शिसे बहुतांशी तिथेच युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. एकाच कणात वेगवेगळ्या गतीची ही दोन घड्याळे चालतात. दोन्हींची वेळ जुळली, तर वय स्वीकारायचे. जुळली नाही, तर कणाला मधे काहीतरी झाले आहे.

वय हाती आल्यावर खरा प्रश्न उरतो: हे कवच बनले कशातून? त्याचे उत्तर हाफ्नियमचे समस्थानिक देतात. शिलारस थेट प्रावरणातून आला की आधीच्या कवचाचा भाग पुन्हा वितळून, हे त्यांच्या प्रमाणावरून कळते. सबंध खडकाचे रसायनही बोलते. चंपुआचा खडक टोनॅलाइटच्या कुळातला, पोटॅशियमपेक्षा सोडियम अधिक असलेला. असा खडक पाणी मुरलेला बेसाल्ट खोलवर अर्धवट वितळला की तयार होतो. खोलवर गार्नेट हे खनिज इट्रियम धरून ठेवते, तर स्ट्रॉन्शियम रसात उतरते. म्हणून या दोन मूलद्रव्यांच्या गुणोत्तरावरून वितळण्याची खोली, आणि तिच्यावरून कवचाची जाडी आजमावता येते. काळ्या बेसाल्टातून असा हलका, करडा खडक वेगळा होत गेला आणि त्यातूनच खंड उभे राहिले. चंपुआ ज्या प्राचीन भूखंडात येते, त्या सिंगभूमच्या ग्रॅनाइटांचे रसायन आणि वाळूचे खडक तपासून प्रियदर्शी चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडले की इथली भूमी ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वीच समुद्रावर डोके काढून उभी होती. तिला वर उचलले ते याच जाड, हलक्या कवचाने.

तरीही मोठा वाद मिटलेला नाही. बेसाल्ट खोलवर गेला तो आजच्यासारखे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकल्याने, की लाव्ह्याचे थर साचत साचत कवचाचा तळच वितळला? दोन्ही बाजूंचे अभ्यासक पुन्हा पुन्हा मूळ खडकाकडे येतात. दोन-चार कणांवर सबंध पृथ्वीचे बालपण उभे करता येत नाही. आणखी नमुने हवेत, आणि ते नेमके त्याच जागेवरून घेता यायला हवेत. पण हा सगळा पट्टा लोहखनिजाच्या आणि दगडांच्या खाणींचा आहे. ज्या खडकाची एकदा खडी झाली, त्याचे पट्टे, त्याची दिशा, शेजारच्या खडकाशी त्याचे नाते कायमचे पुसले जाते. कण उरला तरी त्याचा पत्ता हरवतो. म्हणून किल्ले-लेण्यांसारखे अशा खडकांनाही संरक्षण मिळायला हवे.  पुढच्या पिढीला त्याच जागेवरून नमुना पुन्हा घेता यावा, एवढी तजवीज करणे आपल्या हातात आहे.