हृद्‌रोहिणी-दर्शन व रोहिणी-विस्फारण

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शी असे आयोडीनयुक्त द्रव्य सोडून त्यांच्या पोकळीचे चित्रण करण्याच्या पद्धतीला हृद्‌रोहिणी-दर्शन आणि अरुंद झालेली रोहिणी आतून फुगा फुगवून रुंद करण्याच्या उपचाराला रोहिणी-विस्फारण म्हणतात. व्यवहारात ही दोन्ही अनुक्रमे अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी या नावांनी परिचित आहेत. त्यांचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही; कारण रोग पाहण्यासाठी शरीरात घातलेली नळीच पुढे उपचाराचे साधन बनली.

हृद्‌रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी उगम पावतात. उगमापाशी त्यांच्या पोकळीचा व्यास सु. ३ ते ४ मिमी. असतो. त्यांच्या अस्तरात मेदद्रव्ये, तंतुमय ऊतक व कॅल्शियम यांचा विलेप वर्षानुवर्षे साचत जातो. पोकळी बरीच अरुंद झाली की, श्रमाच्या वेळी रक्तपुरवठा अपुरा पडून छातीत कळ येते. हा हृद्‌शूल होय. याउलट विलेपाचे आवरण फाटून त्यावर रक्ताची गुठळी जमली, तर रोहिणी एकाएकी बंद पडते व पुढचा स्नायू मृत होऊ लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. पुष्कळदा असा फाटणारा विलेप आधी फारसा संकोच न करणारा असतो. चित्रणाचे मोल ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेता येईल, हे १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे व्हेर्नर फोर्समान या तरुण शस्त्रक्रियाविज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखविले. मूत्रमार्गात वापरावयाची नळी (कॅथेटर) दंडातील नीलेतून ६५ सेंमी. आत सारून तो चालत क्ष-किरण विभागात गेला आणि तेथे त्याने छायाचित्र काढविले. त्या काळी या साहसाबद्दल त्याला टीकाच सहन करावी लागली. तथापि कूर्नां व रिचर्ड्‌स यांच्यासमवेत १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

प्रत्यक्ष हृद्‌रोहिणीत मात्र हेतुपुरस्सर द्रव्य सोडण्यास कोणी धजत नव्हते. तसे केल्यास हृदय थांबेल, अशी समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे एका तरुणाच्या महारोहिणीचे चित्रण करीत असता नळीचे टोक सरकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि सु. ३० मिलि. द्रव्य तीत गेले. हृदय काही क्षण थांबले; पण रुग्णाला जोराने खोकण्यास सांगताच ठोके पूर्ववत सुरू झाले. भीती निराधार नव्हती, पण अतिशयोक्त होती. अल्प प्रमाणात द्रव्य सोडून प्रत्येक रोहिणी स्वतंत्रपणे पाहण्याची पद्धत सोन्स यांनी यातूनच विकसित केली.

उपचाराची कल्पना पायाच्या रोहिणीपासून सुरू झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड येथील क्ष-किरणतज्ञ चार्ल्‌स डॉटर यांनी पायात कोथ झालेल्या व पाय कापण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या स्त्रीच्या मांडीतील रोहिणीचा संकोच क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून रुंद केला. तिचा पाय वाचला. अमेरिकेत या पद्धतीची उपेक्षा झाली, यूरोपात मात्र ती रुजली. झुरिक येथे आंड्रेआस ग्रुंटझिग यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून नळीच्या टोकाशी ठराविक व्यासापर्यंतच फुगणारा प्लॅस्टिकचा फुगा बसविला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका रुग्णाची हृद्‌रोहिणी प्रथमच त्याने रुंद केली. दहा वर्षांनी केलेल्या चित्रणातही ती खुली आढळली. ग्रुंटझिग १९८५ मध्ये विमान अपघातात मरण पावले. सोन्स व डॉटर यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

फुग्याने रुंद केलेली रोहिणी सु. एक-तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांतच पुन्हा अरुंद होई. म्हणून १९८६ मध्ये तूलूझ येथे झाक प्युएल व लोझॅन येथे उलरिख सिगवार्ट यांनी धातूच्या जाळीची नळी (स्टेंट) आत बसविण्यास प्रारंभ केला. जाळीभोवती होणारी ऊतकाची वाढ रोखण्यासाठी सिरोलिमससारख्या औषधांचा लेप दिलेले स्टेंट १९९९ पासून माणसात वापरले जाऊ लागले. अशा स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्तबिंबाणूंविरोधी दोन औषधे काही महिने घ्यावी लागतात. ती मध्येच थांबविणे घातक ठरू शकते. भारतात स्टेंटच्या किंमती अवाच्या सवा असल्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने त्यांवर मर्यादा घातली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रु. व औषधयुक्त स्टेंटसाठी २९,६०० रु. ही कमाल किंमत करांव्यतिरिक्त ठरली.

झटका चालू असताना बंद रोहिणी त्वरित उघडल्याने प्राण वाचतात, याविषयी दुमत नाही. स्थिर हृद्‌शूलाच्या रुग्णांत मात्र चित्रात संकोच दिसला म्हणून तो उघडलाच पाहिजे, ही धारणा टिकलेली नाही. २,२८७ रुग्णांवरील ‘करेज’ (२००७) आणि ५,१७९ रुग्णांवरील ‘इस्किमिया’ (२०२०) या चाचण्यांत उत्तम औषधोपचाराला विस्फारणाची वा शस्त्रक्रियेची जोड देऊनही मृत्यूचे प्रमाण घटले नाही; वेदना मात्र अधिक कमी झाली. डाव्या मुख्य हृद्‌रोहिणीत मोठा संकोच असलेले रुग्ण या चाचण्यांत घेतलेले नव्हते. चित्र पोकळीची रूपरेषा दाखविते, रक्तप्रवाह किती अडला आहे हे दाखवीत नाही. यासाठी तारेच्या टोकावरील सूक्ष्म दाबमापकाने संकोचापलीकडील व महारोहिणीतील दाबांचे गुणोत्तर मोजतात. ते ०·८० किंवा त्याहून कमी असल्यास संकोच प्रवाहाला बाधक समजतात. विलेपाचे स्वरूप पाहण्यासाठी रोहिणीच्या आत श्राव्यातीत ध्वनी वा अवरक्त प्रकाश सोडणाऱ्या बारीक नळ्याही वापरतात.

हृदयापर्यंत नळी न घालता, दंडातील नीलेत द्रव्य टोचून संगणकीकृत छेदचित्रणाने (सी. टी.) हृद्‌रोहिण्या पाहणे २००० नंतरच्या दशकात सुकर झाले. यात केवळ पोकळी नव्हे, तर भित्तीतील विलेपही दिसतो. स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या पाहणीत (२०१८) नेहमीच्या तपासणीला या चित्रणाची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृद्‌रोहिणीविकाराने मृत्यू वा झटका यांचे प्रमाण २·३ टक्के, तर इतरांत ३·९ टक्के आढळले. विस्फारणाचे एकूण प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते; विलेप वेळीच दिसल्याने प्रतिबंधक औषधे अधिक रुग्णांना दिली गेली, हे या फरकाचे मुख्य कारण मानले जाते. कॅल्शियमचा साठा फार असल्यास किंवा नाडी जलद वा अनियमित असल्यास ही प्रतिमा अस्पष्ट येते. अशा वेळी बहुधा नळी घालूनच चित्रण करावे लागते.