कडी झाळलेली चांदी

चंद्रपूरच्या सराफ्यात एकदा भामरागडकडची एक आजी गळ्यातली रुपयांची माळ मोडायला घेऊन बसली होती. सगळे चांदीचे कलदार, बहुतेक राणीछाप, प्रत्येकाच्या डोक्यावर झाळलेली कडी. सराफाची नजर काट्यावर, माझी सनावर. आजीनं एका रुपयावर बोट ठेवलं, "हा मायचा. हा नाही देत."

कडी झाळलेलं नाणं नाणेसंग्राहक नाक मुरडूनच घेतो. ऑस्ट्रिया-बव्हेरियातही तेच. तिथले शेतकरी सणासुदीला कमरेच्या साखळीत थालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, लटकवत, त्यामुळे साल्झबुर्गच्या आर्चबिशपांचे कितीतरी थालर कडीच्या खुणेसह बाजारात येतात.

आर्चबिशपांचे थालर म्हणजे काय, तर साल्झबुर्गचा आर्चबिशप हा धर्मगुरू आणि राजा दोन्ही असे. मुलूख त्याचा, मिठाच्या खाणी त्याच्या, टांकसाळही त्याचीच. लिओनहार्ड फॉन कॉयचाखनं 1504च्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर चक्क सलगम कोरला, घराण्याचं चिन्ह म्हणून! संग्राहक त्याला आजही ‘सलगम थालर’च म्हणतात. गादी वंशपरंपरेची नव्हती. जर्मन मुलखात एक बिशप वारला की पुढचा निवडून येईपर्यंत धर्मपीठाचं मंडळ कारभार पाही आणि कधी कधी ‘गादी रिकामी’ अशा मजकुराची नाणीही पाडी. अशा नाण्यांवर संग्राहक जीव टाकतात. 1803 साली साल्झबुर्गच्या आर्चबिशपांचा हा सगळा पसारा आटोपला.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण गोव्याचं. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश 1607 ते 1609 गव्हर्नरही होता. क्रूस आणि कारभार एकाच हाती, पण टांकसाळ पोर्तुगालच्या राजाची. आणि आमच्या चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं म्हणाल, तर 1751 मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्यांच्या रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहा अहमदशहाचं! सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचं, ही आपली जुनी रीत. त्यापुढे तो सलगमवाला मला भारीच धीट वाटतो.

मग युरोपची इतकी चांदी जहाजं भरभरून इथं आली, ती गेली कुठं? मुघल टांकसाळीत परकी नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडत. एका थालरच्या वजनात साधारण अडीच रुपये बसत. मुशीत राजा काय नि बिशप काय. उलटा प्रवासही झाला : दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीनं 1780 सन असलेले, ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचे थालर पाडले.

माझ्याकडे आर्चबिशपाचा एकच थालर आहे, पारिस लोद्रोनचा. त्यानं 1619 ते 1653 राज्य केलं. एका बाजूला ढालीवर बाळासह मेरी, दुसरीकडे संत रूपर्ट, त्याच्याजवळ मिठाचं पिंप. भिंग धरलं की मेरीच्या डोक्यावर, अगदी काठाला, कानशीनं घासलेली जागा दिसते. कडी कुणीतरी काढून टाकलेली. त्या खुणेमुळेच तो मला परवडला.

आजीच्या मायचा रुपया 1862चा होता. सराफानं तो बाजूला काढून तिच्या पदरात टाकला आणि बाकीचे तोलले.