वजनाआड लपलेली लांबी
२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातली .२२ गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, आखूड. नळीतल्या पीळदार खाचा तिला साधारण ४० सेंटिमीटरला एक फेरा देतात आणि तेवढा पुरतो. गोळी जड तर पीळ घट्ट, म्हणजे कमी अंतरात एक फेरा, हा नेमबाजांचा ठोकताळा. पण खरा हिशेब लांबीचा आहे: लांब गोळी हवेत कोलमडू पाहते, तिला जास्त गिरकी लागते. ६२ ग्रेनची नाटो गोळी ९ इंचांच्या पिळातही सरळ जाते; जवळपास तेवढ्याच वजनाच्या, पण लांब ट्रेसरसाठी (उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीसाठी) ७ इंचांचा पीळ घ्यावा लागला. मग सगळे वजनच का सांगतात? व्यास आणि धातू तोच असेल, तर वजनाबरोबर लांबीही वाढते म्हणून. पीळ सरसकट घट्टच ठेवावा, हेही पटत नाही. गोळीचा गुरुत्वमध्य जरा जरी अक्षाबाहेर असला, तरी जादा गिरकी तोच दोष वाढवते.